मोठ्या काचेला सेफ्टी फिल्म लावायची, तीही एकट्याने

मे महिन्यात वळवाच्या आधी जो वारा सुटतो ना, त्यात आमच्या वरच्या काकूंच्या बाल्कनीतला कुंड्यांचा स्टँड आडवा झाला आणि हॉलच्या सरकत्या दाराची काच खाली. नशीब त्या वेळी तिथे कोणी बसलं नव्हतं. मी केर भरायला मदतीला गेलो तर तुकडे कसले, सुरेच होते, हातभर लांब आणि टोकदार, त्यातला एक सोफ्याच्या गादीत उभा रुतलेला. घरी आलो आणि आमच्या दाराची काच निरखून बघितली, बिल्डरने तीच साधी ५ मिलिमीटरची घातलेली, आणि आमचं कार्टं रोज त्याच दारापर्यंत सायकल आणून ब्रेक मारतं.

मग काच फुटली तरी तुकडे धरून ठेवणारी पारदर्शक सेफ्टी फिल्म लावायचं ठरवलं. फिल्मवाला शोधला, त्याने दोनदा तारीख देऊन दोन्ही वेळा दांडी मारली, तेव्हा म्हटलं जाऊ दे, रोल मागवतो आणि आपणच लावतो. पुण्यात सिंहगड रोडला आमचा चौथा मजला, हॉलला ४ बाय ७ फुटाचे दोन पल्ले आणि बेडरूमच्या चार खिडक्या. बायको ऑफिसला, पोरगा शाळेत, म्हणजे घरात मी आणि काच. पहिली शीट पूर्ण वाया गेली. बाकीच्या सगळ्या नीट बसल्या. पहिल्या शीटला काय चुकलं आणि नंतर काय बदललं ते सगळं सांगतो, कारण जे व्हिडिओ बघितले त्यात कायम दोन माणसं असतात, एक वरून धरतो, दुसरा पाणी मारतो, आणि आपण एकटे कसं करणार ते कोणी सांगत नाही.

पहिल्या शीटचं असं झालं की मी हॉलमध्ये उभं राहून मागचं लाइनर (चिकट बाजूवरचा सोलायचा पातळ पापुद्रा) सगळं एकदम सोलून काढलं आणि शीट दोन कोपऱ्यांना धरून डोक्याच्या वर उचलली. पंखा चालू होता. खालचा अर्धा भाग फडफडत वर आला आणि चिकट बाजू चिकट बाजूलाच जाऊन बसली, पुरणपोळी तव्यावर टाकताना दुमडते ना, अगदी तशी. ओढून सोडवली तर मधोमध पांढरी रेघ उमटली, आणि ती घडी कशानेच जात नाही. सोडवायच्या झटापटीत पडद्याचे धागे, पोराच्या चित्रकलेची चमकी, सगळं चिकटलं ते वेगळंच.

यात वजनाचा दोष नाही बरं का. ही फिल्म म्हणजे पॉलिस्टर, ८ मिलची म्हणजे २०० मायक्रॉनची घेतली तरी (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटर नव्हे) चौरस मीटरला जेमतेम पावणेतीनशे ग्रॅम भरते, म्हणजे ४ बाय ७ ची अख्खी शीट पाऊण किलोच्या आसपास. घोळ होतो तो आकाराचा आणि वाऱ्याचा. म्हणून एकट्याने करायचं तर माझा एकच नियम, शीट कधीच पूर्ण आपल्या हातात येऊ द्यायची नाही. कुठल्याही क्षणी तिला दुसरं काहीतरी धरून असलं पाहिजे, टेप, पाणी, पाइप नाहीतर काच स्वतः. पुढची सगळी पद्धत यावरच बेतलेली आहे.

आधी काच ओळखा, मग फिल्म घ्या

काचेच्या कोपऱ्यात बारीक शिक्का असेल (टफन्ड काचेवर बहुतेक वेळा असतो, कधी आयएस २५५३ असा नंबरही दिसतो) तर ती फुटल्यावर खडीसाखरेसारखे बारीक तुकडे होतात. शिक्का नसेल तर साधी काच धरून चाला, म्हणजे सुरे. डबल काच आहे का ते बघायला रात्री मोबाइलचा टॉर्च काचेजवळ धरा, प्रतिबिंबं दोन दिसली तर एकेरी आणि चार दिसली तर डबल. हे अशासाठी की डबल किंवा लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा थर घालून चिकटवलेल्या) काचेवर काळी, उन्हाची फिल्म मारली तर काच तापून तडकू शकते. पारदर्शक सेफ्टी फिल्म उष्णता फारशी शोषत नाही त्यामुळे तिथे ती भीती बरीच कमी, तरी काचेच्या कडेला आधीच टवका उडालेला असेल तर कुठलीच फिल्म नको, आधी काच बदला.

जाडी. ४ मिल म्हणजे १०० मायक्रॉन, ८ मिल म्हणजे २००. घरात तुकडे उडू नयेत एवढाच हेतू असेल तर १०० पुरते, आणि एकट्याने पहिल्यांदाच लावताय तर १००च घ्या असं माझं स्पष्ट मत. मी हौसेने २०० घेतली आणि पाणी काढता काढता खांदे भरून आले. चोराला उशीर व्हावा असा हेतू असेल तर मात्र २००. एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो, फिल्म लावली की काच फुटत नाही असा. फुटते, व्यवस्थित फुटते, फक्त तुकडे फिल्मला चिकटून राहतात. आणि फिल्म काचेभोवतीच्या रबराच्या अलीकडे संपते, ती चौकटीला कुठेही धरलेली नसते, त्यामुळे जोराचा दणका बसला तर अख्खी फुटकी काच चादरीसारखी चौकटीतून बाहेर येऊ शकते. ते नको असेल तर फिल्म पूर्ण वाळल्यावर तिची कड आणि चौकट यांच्यात चारही बाजूंनी स्ट्रक्चरल सिलिकॉन (दोन्ही घट्ट धरून ठेवणारा चिकट मसाला) भरतात. ते काम मी नाही केलं, घरच्या दाराला मला गरज वाटली नाही.

रोल बहुतेक ५ फुटी म्हणजे १.५२ मीटर रुंद मिळतो, त्यामुळे ४ फुटी पल्ला जोड न देता निघतो. फिल्म आतल्या बाजूने लावायची, घराच्या आतून. चौथ्या मजल्यावर बाहेर लटकायचा विचारसुद्धा करू नका.

अजून एक मोह होतो, सरकता पल्लाच ट्रॅकमधून उचलून काढावा आणि पलंगावर आडवा टाकून आरामात लावावं. छोट्या खिडकीला चालेल, बाहेर ग्रिल असेल तर. हिशोब असा की काच दर चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. २ बाय ४ फुटाची ५ मिलिमीटर काच सव्वानऊ किलो, जमतं. ४ बाय ७ ची बत्तीस किलो, वर अल्युमिनियमचं सेक्शन. एकट्याने नाही. मोठे पल्ले जागेवरच करायचे.

सामान

बोहरी आळीत एका चकरेत जवळपास सगळं मिळालं. काच खरवडायचा स्क्रेपर आणि त्याची पाच-सहा ब्लेडं, तुकडे मोडत जायचा कटर (बारीक, ९ मिलिमीटरवाला), हाताएवढा रबराचा वायपर आणि एक कडक प्लास्टिकची पट्टी, मास्किंग टेपचे दोन रोल, दोन इंची पीव्हीसी पाइप साडेचार-पाच फूट. झाडांना औषध मारायचा पाच लिटरचा पंप, लांब दांडीवाला, नवीनच घ्या, जुन्यात औषधाचा अंश राहतो. हा पंप म्हणजे या कामातला दुसरा माणूस, साध्या स्प्रे बाटलीने ४ बाय ७ भिजवेपर्यंत वरचं वाळून जातं आणि बोटं दुखतात ती वेगळी. किचन टॉवेलचा रोल, पायाखाली टाकायला रबरी तळ असलेली पायपुसणी, आणि खिसेवाला ॲप्रन. ॲप्रनला हसू नका. एका हाताने शीट धरलेली असते आणि टेप टीपॉयवर राहिलेली असते, तेव्हा कळतं.

पाण्याला पुण्यात फार महत्त्व आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो आणि बोअरचं पाणी मिसळतं, त्याचे पांढरे डाग नळावर दिसतातच, तेच क्षार फिल्मखाली अडकले तर कायमचे. म्हणून काच धुवायला कुठलंही पाणी चालेल पण शेवटचं धुणं आणि पंपात भरायचं पाणी आरओचं, नाहीतर इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतो ते डिस्टिल्ड वॉटर. त्यात बेबी शाम्पू, लिटरला आठ-दहा थेंब. बोटांमध्ये चोळून बघायचं, बोटं सुळकन सरकली पाहिजेत पण फेस व्हायला नको. शाम्पू कमी पडला तर फिल्म सरकत नाही, जिथे टेकली तिथेच बसते. जास्त झाला तर उलट पकड धरत नाही आणि वाळायला उशीर. भांडी घासायचं लिंबूवालं लिक्विड नको, त्यात रंग आणि वास असतो, आपल्याला नुसता गुळगुळीतपणा हवाय.

दिवस कुठला निवडायचा? दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत सगळ्यात चांगलं, हवा कोरडी आणि ऊन मवाळ. पावसाळ्यात लावता येतं पण फिल्मखालचं पाणी सुकता सुकत नाही. एप्रिल-मेमध्ये करायचंच असेल तर पश्चिमेची काच सकाळी नऊच्या आत उरका, दुपारी तापलेल्या काचेवर पाणी मारता मारता उडून जातं. पंखा बंद, खिडक्या बंद, आणि समोर बांधकाम चालू असेल (पुण्यात कुठे नसतं) तर आदल्या रात्री हॉलची फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या. आणि माणसाच्या अंगावर लोकरी स्वेटर नको, माझ्या एका खिडकीत अजून निळा धागा दिसतो.

काच धुणे (कंटाळा केला की फसलात)

अर्धा वेळ इथे द्या. शाम्पूचं पाणी भरपूर मारा आणि नवीन ब्लेड लावून स्क्रेपर एकाच दिशेने पुढे ढकला, उचला, परत सुरुवातीला आणा, पुन्हा पुढे. मागे ओढायचा नाही, ब्लेडखाली सापडलेला सिमेंटचा कण मागे ओढताना रेघ मारत येतो. काच नेहमी ओली. टफन्ड काच असेल तर आधी एका कोपऱ्यात हलक्या हाताने करून बघा, काही टफन्ड काचांच्या पृष्ठभागावर भट्टीतले बारीक कण चिकटलेले असतात आणि ब्लेडने ते निघून काचभर ओरखडे उठतात, खरखर आवाज आला तर स्क्रेपर ठेवून द्या आणि पांढऱ्या मऊ स्क्रबने काम भागवा.

सगळी काच खरवडून झाली की ओला तळहात फिरवा. डोळ्याला न दिसलेला रंगाचा ठिपका हाताला लगेच कळतो. मग रबराच्या कडा. खरी घाण तिथेच. बिल्डरच्या वेळचं प्लास्टर, कबुतरांची मेहेरबानी, मुंगीचं वारूळ, काय वाटेल ते निघतं. किचन टॉवेल पट्टीला गुंडाळून चारी कडांनी फिरवा, काळा यायचा बंद होईपर्यंत. यानंतर रबरात पंपाची धार थेट मारायची नाही, आतली माती परत बाहेर येते. वरच्या रबरावर मी मास्किंग टेपची पट्टीच लावून टाकतो, वरून काही पडायला नको. शेवटी आरओचं पाणी मारून वायपरने वरून खाली ओढून घ्या.

माप आणि कापणी

रुंदी तीन ठिकाणी मोजा, वर, मध्ये, खाली. उंचीही तशीच. आमच्या एका पल्ल्यात वर आणि खाली तीन सूताचा फरक निघाला, गुण्या लावून बघितला तर चौकटच काटकोनात नाही. त्यामुळे तयार मापाची शीट कापून बसवायच्या भानगडीत पडू नका. सगळ्यात मोठ्या मापाला दोन्हीकडे मिळून दीड-दोन इंच जास्त धरून कापा. रोलची कंपनीकडून आलेली एक कड एकदम सरळ असते, ती एका उभ्या बाजूला ठेवायची, बाकी तीन बाजू काचेवरच कापायच्या.

लाइनर कुठल्या बाजूला आहे ते कापायच्या आधी बघा. कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी टेपचा एकेक तुकडा चिकटवून विरुद्ध दिशेला ओढा, जी पातळ, कुरकुरीत पापुद्र्यासारखी सुटते ते लाइनर. बघितलं की कोपरा परत मिटवून टाका. पुसून वाळलेल्या फरशीवर लाइनर खाली ठेवून फिल्म पसरा, टोकांना जाड पुस्तकं ठेवा, आणि कापून झाली की खालच्या टोकापासून पीव्हीसी पाइपवर गुंडाळा, लाइनर बाहेरच्या बाजूला राहील अशी. काचेला जे टोक वर जाणार ते गुंडाळीच्या बाहेर आलं पाहिजे. घट्ट गुंडाळू नका.

आता खरं काम

आधी काच भिजवा, बऱ्यापैकी. पायाखाली रबरी पायपुसणी टाका, स्टूल तिच्यावर. शाम्पूचं पाणी टाइल्सवर पडलं की ती टाइल राहत नाही, घसरगुंडी होते, आणि घरात उचलायला कोणी नाही हे लक्षात ठेवा. शेजारी एकदा सांगून ठेवा आणि मोबाइल ॲप्रनच्या वरच्या खिशात.

पाइप घेऊन स्टुलावर चढा, गुंडाळीचं वरचं टोक वरच्या चौकटीला तीन ठिकाणी टेप लावून अडकवा, लाइनर काचेकडे. मग पाइप हळूहळू खाली सोडत उतरा. शीट पडद्यासारखी लोंबकळते आणि ओल्या काचेला लाइनरमुळे हलकी धरून राहते. अजून काहीही सोललेलं नाही, त्यामुळे घाई शून्य. चहा प्यायला गेलात तरी चालेल. कंपनीची सरळ कड रबरापासून अर्धा सूत (दीड मिलिमीटर) आत, वरून खालपर्यंत बघून घ्या, वरचे टेप काढून-लावून सरळ करा. उजवीकडे, वर, खाली जास्तीची फिल्म चौकटीवर येईल, येऊ द्या.

आता वरून साधारण दहा इंचांवर, शीटच्या आडव्या रेषेत, एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीपर्यंत मास्किंग टेपची लांब पट्टी मारा. ही तुमची बिजागरी. ही नीट चिकटली की (फिल्मचा पृष्ठभाग तेवढ्यापुरता कोरडा पुसून घ्या, ओल्यावर टेप धरत नाही) वरचे तीन टेप काढा आणि वरचा दहा इंचांचा भाग पुढे, आपल्याकडे वळवा. गादी वळवतो तशी गोल वळवायची, इस्त्रीच्या घडीसारखी दाबायची नाही. अंगठा घुसला तिथे नखाएवढी खळी पडते आणि ती राहते.

कोपऱ्याला टेपचा तुकडा लावून तेवढ्या दहा इंचांचंच लाइनर सोला आणि खाली मागे दुमडा. सोलताना चट्चट् आवाज येतो, ती स्टॅटिक वीज, तीच हवेतली धूळ खेचते, म्हणून एका हाताने सोलायचं आणि दुसऱ्या हाताने लगेच पंपाची फवार. चिकट बाजू पण ओली, काच पण ओली. मग तो भाग परत वर उभा करून काचेवर टेकवा. शाम्पूमुळे तो तरंगतो, सरकवता येतो. जागेवर आला की फिल्मच्या वरच्या बाजूलाही पाणी मारा आणि वायपर मध्यातून डावीकडे, मध्यातून उजवीकडे, असा आडवा ओढा. दोन-तीन वेळा. एवढी पट्टी बसली की बाजी अर्धी जिंकली, कारण आता अख्खी शीट काचेनेच धरलेली आहे आणि तुमचे दोन्ही हात मोकळे.

बिजागरीचा टेप काढा. खालचा भाग अजून लाइनरसकट लटकतोय. आता लाइनर मागून खाली ओढायचं, एका वेळी एक फूट, जास्त नाही. शीट बाजूने थोडी काचेपासून दूर धरा, पंपाची दांडी आत घालून काचेवर आणि चिकट बाजूवर पाणी मारा, दुसऱ्या बाजूने तेच, मग सोडून द्या आणि वायपर मध्यातून बाहेर. परत एक फूट. लाइनर जसजसं सुटेल तसं ते जमिनीवर गोळा होतं, त्यावर पाय देऊ नका, ते शाम्पूच्या टाइलपेक्षा निसरडं.

या पद्धतीत थांबायच्या जागा आहेत हे मला सगळ्यात आवडलं. दुसऱ्या पल्ल्याला मी बरोबर मध्यावर असताना बेल वाजली, एकदा, दोनदा, मग सतत. पार्सलवाला. पहिल्या शीटच्या वेळी हे झालं असतं तर संपलोच होतो. आता खाली लाइनर होतं, वरचा भाग बसलेला होता, मी आरामात जाऊन पार्सल घेतलं. शेजारचे काका पण डोकावले, "काय रे, एकटाच करतोयस? मला हाक मारायची की." म्हटलं काका, तुम्ही आलात तर आधी चहा होईल. मात्र सोललेला फूटभर भाग तसाच उघडा ठेवून जायचं नाही, आधी तो टेकवा आणि मग दार उघडा.

मध्येच कुठे फिल्म कोरड्या काचेला टेकून चिकटली तर झटका देऊन ओढू नका. बाजूने पाणी आत सोडा, दहा-वीस सेकंद थांबा, सावकाश उचला. चिकट बाजू चिकटीला लागली तरी तोच उपाय, फवारा आणि संयम. माझी पहिली शीट मी हिसकली म्हणून गेली, भिजवून सोडवली असती तर कदाचित वाचली असती.

कडा कापणे

सगळी खालपर्यंत बसली की एकदा पूर्ण फिल्मवर पाणी मारून वायपर फिरवा, हलकाच. वरती आडवा, मग मध्यात उभा वरून खाली, मग मध्यापासून दोन्हीकडे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर थोडा चढवत. आता खालच्या दोन कोपऱ्यांत जास्तीच्या फिल्मला तिरका छेद द्या, म्हणजे ती चौकटीवर चढून काचेवरची फिल्म उचलणार नाही.

कटरचं टोक मोडून नवीन करा. दर बाजूला नवीन टोक, कंजुषी नको, बोथट ब्लेड फिल्म कापत नाही, ओढते. (मोडलेली टोकं गोळ्यांच्या जुन्या डबीत, केरात मोकळी टाकू नका, कचरावाल्या मावशींचा हात असतो त्यात.) कडक पट्टी रबराला टेकवून धरा, तिची जाडी म्हणजेच तुमचा अर्ध्या सूताचा गॅप. कटर जमेल तेवढा आडवा, दाब फक्त फिल्म कापण्यापुरता. काचेवर जोर देऊन कापलं तर काचेला चर पडतो, आणि काच फुटते ती अशाच चरापासून. थांबायचं झालं तर पट्टी सरकवा पण ब्लेड फिल्ममध्येच राहू द्या, उचलून परत टेकवलं की तिथे दात पडतो.

गॅप का ठेवायचा असं वाटेल. पाणी बाहेर पडायला वाट लागते, आणि फिल्मची कड रबरावर चढली तर तिथून उचलायला सुरुवात होते. दोन फुटांवरून तो गॅप दिसतही नाही.

पाणी काढणे, म्हणजे खांद्यांचा व्यायाम

आता खरा जोर. फिल्मवर पाणी मारा म्हणजे वायपर अडकणार नाही, आणि मध्यापासून जवळच्या कडेकडे दाबून ढकला, मान खाली, दोन्ही हात. २०० मायक्रॉनला मी प्रत्येक पल्ल्यावर तीनदा फिरलो. कडेला जे पाणी येतं ते लगेच किचन टॉवेलने टिपा, नाहीतर ते परत आत शिरतं. शेवटी कडक पट्टीला टॉवेल गुंडाळून चारी कडा दाबत फिरवा, पंधरा-वीस मिनिटांनी परत एकदा. कोपरे दुसऱ्या फेरीत पण थोडे उचललेले दिसतातच, दाबा.

मग टॉर्च तिरका धरून बघा. पाण्याची गाठ असेल तर ती दुधट, पसरट दिसते आणि दाबली की हलते, ती आपोआप जाणार. हवेचा बुडबुडा स्वच्छ आणि गोल दिसतो, तो जाणार नाही, आत्ताच कडेकडे ढकला. कणाभोवती तंबूसारखा उंचवटा असेल तर कचरा आहे. कडेजवळ आणि मोठा असेल तर कोपरा उचला, दोन्हीकडे भरपूर पाणी मारून धुवा, परत बसवा, पहिल्या अर्ध्या-एक तासात हे चालतं. मधोमध बारीक ठिपका असेल तर सोडून द्या. तीन फुटांवरून बघा, दिसला नाही तर नाहीच आहे.

नंतर

दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्म धुरकट दिसेल, कुठे नकाशे, कुठे पांढुरके ढग. घाबरू नका. १०० मायक्रॉनला महिनाभर आणि २०० ला दोन-तीन महिने सुद्धा लागतात, दमट हवेत आणखी. सुईने टोचायचं नाही, हेअर ड्रायर लावायचा नाही. महिनाभर काच पुसायची नाही, हे घरात सगळ्यांना सांगा, विशेषतः कामवाल्या मावशींना, नाहीतर त्या प्रेमाने ओलं फडकं मारून कडा उचलतील. आमच्या दारावर मी चिठ्ठीच लावली होती. त्यानंतर मऊ मायक्रोफायबर आणि शाम्पूचंच पाणी, अमोनियावाला काचेचा स्प्रे नको, वर्तमानपत्र आणि घासणी तर नकोच, वरच्या कोटिंगवर बारीक चरे पडतात.

उरलेल्या पट्ट्या फेकू नका, बाथरूमच्या खिडकीच्या काचेला लावल्या मी, आणि खरं तर पहिल्यांदा लावणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी, मोठ्या शीटच्या आधी दोन छोट्या करून हात बसतो. गाडीच्या काचेला मात्र लावू नका, सुप्रीम कोर्टाने २०१२ साली गाडीच्या काचांवरच्या फिल्मला बंदी घातली होती, तो विषयच वेगळा आहे.

लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मी १६ नोव्हेंबरला लावली, डिसेंबर संपेपर्यंत बहुतेक सगळं स्वच्छ झालं होतं, फक्त हॉलच्या दाराच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे सकाळचं ऊन पोचत नाही, तिथे तळहाताएवढा दुधट ढग जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत राहिला आणि मग एका सकाळी बघितलं तर नव्हता.